मे महिन्यातला चुन्याचा गिलावा

बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवरी आहे, भिंतींचा खालचा पट्टाही. बाकीचा बहुतेक पांढरेपणा मात्र काळ्या पाषाणावरच्या चुन्याच्या गिलाव्याचा. सतराव्या शतकात दिलरस बानू बेगमसाठी उभारलेल्या या वास्तूचे रूप चुन्यानेच पेलले आहे. मकबऱ्याच्या या शहरात जुन्या वास्तूंवर काम करणाऱ्या अभियंत्यांना, कंत्राटदारांना आणि गवंडी मंडळींना एकच आग्रहाची विनंती: एप्रिल-मेमध्ये चुन्याचा गिलावा करू नका.

भट्टीची आच आपण जाणतो. सुमारे 900 अंश सेल्सिअसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. 100 किलो शुद्ध चुनखडीचा 56 किलो कळीचा चुना उरतो. आच कमी पडली तर खड्याचा गाभा कच्चा राहतो. जास्त झाली तर चुना पाण्याला लवकर दाद देत नाही आणि भिंतीवर गेल्यावर फुगून फोड आणतो. भिंतीवर चढल्यानंतरच्या तापमानाकडे मात्र आपले फारसे लक्ष नसते.

गिलाव्यातले पाणी उडून जाते, हा भौतिक बदल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, हा रासायनिक. या दुसऱ्या बदलाला छिद्रांत ओल लागते, कारण चुना आणि वायू दोन्ही आधी त्या ओलीत विरघळावे लागतात. ऊन पहिल्याला वेग देते आणि दुसऱ्याचे पाणीच पळवते. शिवाय चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, वायूही कमी. मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, उन्हातला काळा पाषाण त्याहून तापतो. अशा भिंतीवरचा गिलावा लवकरच कोरडा, पांढरा, देखणा दिसतो. पण बोट फिरवले की भुकटी येते. ताज्या तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून पाहा. गर्द गुलाबी झाला, तर आतला चुना अजून दगड झालेला नाही. गुळाचे पाणी, बेलाचा रस घातला म्हणून यातून सुटका नाही.

31 मार्चचा निधी आणि जूनचा पाऊस यांच्या कात्रीत गिलावा नेमका उन्हाळ्यात येतो, हे खरे. तरी तो दिवाळीनंतर धरता येतो, आणि त्यासाठी भांडावे. टळतच नसेल तर सावलीचे कापड, ओले गोणपाट आणि काही आठवडे पाणी मारणारा माणूस यांची अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब लिहावी, दरासह. गिलाव्याच्या दरातच हे गुंडाळले की सर्वांत आधी पाणी मारणाराच कमी होतो.