न्यूट्रलमध्ये पैसे वाचवाल, तर नाव घालवाल



इलेक्ट्रिकल कामाचा व्यवसाय सुरू करताय? मग गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "पॉइंटचा रेट काय?" आपण लगेच दुसऱ्यापेक्षा कमी रेट सांगतो. पण ते पैसे काढायचे कुठून? स्विच, लाइट गिऱ्हाइकाला दिसतात. दिसत नाही ती डीबीच्या आतली काळी वायर, म्हणजे न्यूट्रल. कात्री तिथेच चालते.

माझं मत स्पष्ट आहे. काम सोडावं लागलं तरी चालेल, न्यूट्रलमध्ये तडजोड करायची नाही.

"न्यूट्रलमध्ये काय, करंटच नसतो" हा गैरसमज आधी काढा. सिंगल फेजमध्ये फेजने जेवढा करंट जातो, तेवढाच न्यूट्रलने परत येतो. म्हणून दोन्ही वायर एकाच जाडीच्या हव्यात.

आता थ्री फेजचं घर घ्या. एका फेजवर २००० वॅटचा गीझर, दुसऱ्या फेजवर १०० वॅटचा बल्ब, आणि मेन न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन सुटला. दोन्ही वस्तू आता दोन फेजमधल्या ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये आल्या. २३० व्होल्टच्या त्या बल्बला मिळणार जवळपास ३८०! बल्बच्या जागी टीव्ही असेल तर? एक स्क्रू नीट आवळला नाही, आणि भरपाई मागायला गिऱ्हाईक तुमच्या दारात.

दुसरी नेहमीची चूक आरसीसीबीची. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे का, एवढंच ती बघते. घरात साधारण ३० मिलीअँपिअरची लावतात. दोन आरसीसीबी असतील तर प्रत्येकीची न्यूट्रल लिंक वेगळी हवी. इन्व्हर्टर जोडताना न्यूट्रल मिसळले, की ती ट्रिप होत राहते. मग कारण न शोधता काही जण आरसीसीबीच बायपास करतात. गिऱ्हाईक त्या दिवशी खूश होतं. पण उद्या शॉक लागला, तर जीव वाचवणारं तिथे काहीच नसतं. त्याचप्रमाणे, न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगवर काम भागवणं हा तर गुन्हाच समजा.

मग रेटचं काय करायचं? कोटेशनमध्ये डीबीचं काम वेगळ्या ओळीत लिहा: वेगळ्या न्यूट्रल लिंक, प्रत्येक वायरला नंबर, शेवटी टेस्टिंग. डीबी बंद करण्याआधी फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. न दिसणारं काम दिसलं, की त्याचे पैसे मागायला लाज वाटत नाही.

आणि हो, हे काम परवानाधारक माणसाचंच. तुमच्याकडे परवाना नसेल, तर परवानाधारक वायरमन सोबत घ्या. यूट्यूब बघून डीबी उघडू नका, आमचा व्हिडिओ बघूनसुद्धा नाही!

स्वस्त काम करणारे गल्लोगल्ली आहेत. ज्याला पुन्हा बोलावतात, तो धंदा करतो.