विश्लेषण : रॅम वाढवली की गेम खरेच पळतो का?

'रॅम टाकून घ्या, मशीन पळेल,' हा सल्ला उमरखेड तालुक्यातील ढाणकीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत कुठेही मिळतो. काही वेळा तो अगदी बरोबर असतो, तर अनेकदा पैसे खर्च होऊनही गेम होता तसाच राहतो. यातला फरक पट्टी विकत घेण्याआधी, घरी बसून, एक रुपयाही न खर्चता ओळखता येतो.

हा प्रश्न आताच का?

२०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी उत्पादन वळवले आणि घरगुती संगणकांच्या वाट्याला कमी माल उरला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यात ढाणकीसारख्या गावाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. सुटा भाग आणायचा तर अख्खा दिवस मोडतो आणि चुकीचा निघाला तर दुसरी खेप. ज्या घरात सीईटीचा अभ्यास, पीकविम्याचा अर्ज आणि रात्रीचा गेम एकाच संगणकावर चालतो, तिथे हा खर्च विचार करूनच व्हायला हवा.

रॅम नेमके काय करते?

कापसाच्या जिनिंगचे उदाहरण घेऊ. गोदामात माल साठलेला असतो, त्यातला लागेल तेवढा यंत्रासमोरच्या आवारात आणून टाकतात आणि यंत्र सरकी वेगळी करते. संगणकात गोदाम म्हणजे हार्ड डिस्क, आवार म्हणजे रॅम आणि यंत्र म्हणजे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड. आवार अपुरे असेल तर यंत्राला गोदामातून माल येईपर्यंत थांबावे लागते. पण यंत्रच जुने असेल, तर आवार दुप्पट केले तरी सरकी त्याच गतीने निघणार.

हे थांबणे किती महागात पडते, ते आकड्यांत पाहू. डीडीआर ४ ची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते. म्हणजे फरक सुमारे २०० पटींचा. रॅम भरली की विंडोज उरलेली माहिती डिस्कवर ठेवते आणि गेम तिथेच गचका खातो.

अडखळणे आणि संथ चालणे एकच का?

नाही, आणि निदान इथेच होते. गेम एरवी नीट चालतो, पण नवा भाग उघडताना किंवा वळण घेताना क्षणभर थिजतो, मागे ब्राउजर उघडा असला की जास्तच अडतो, तर संशय रॅमवर घ्यावा. गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा संथ असेल आणि चित्राचा दर्जा कमी केला की सुधारत असेल, तर दोष बहुधा ग्राफिक्सचा. ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी वेगळी असते, संगणकाची रॅम वाढवून ती वाढत नाही.

किती रॅम पुरते?

गेमनुसार उत्तर बदलते. व्हॅलोरंटची किमान अट ४ जीबी आहे, काउंटर-स्ट्राइक २ ची ८ जीबी. पब्जीची संगणकावरील आवृत्ती किमान ८ मागते आणि १६ सुचवते. सायबरपंक २०७७ ची किमान अट १२ जीबी आहे. विंडोज ११ लाही स्वतःसाठी जागा लागते. त्यामुळे ४ वरून ८ किंवा ८ वरून १६ जीबीवर जाताना फरक जाणवण्याची शक्यता मोठी. १६ वरून ३२ वर जाताना बहुतेक गेमना तो जाणवणारही नाही.

घरी तपासायचे कसे?

गेम पंधरा-वीस मिनिटे खेळावा. मग तो बंद न करता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' भागात तीन गोष्टी पाहाव्यात. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि डिस्क सतत शंभराजवळ असेल, तर रॅम कमी पडते आहे. मेमरी साठ-सत्तर टक्क्यांवर असून जीपीयू शंभराला टेकला असेल, तर नवी रॅम घेऊन उपयोग नाही. दोन्ही कमी दिसत असूनही गेम रखडत असेल, तर प्रोसेसरकडे पाहावे. त्याचा एकूण आकडा फसवा असतो, कारण चारपैकी एकच कोअर पूर्ण राबत असला तरी एकूण आकडा पंचवीसच दिसतो.

दुसरी पट्टी केव्हा फायद्याची?

मेमरी भरलेली नसतानाही रॅम वाढवून मोठा फरक पडावा, अशी एक स्थिती आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधले ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरतात. तिथे एकाऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावल्या की माहितीचा रस्ता दुपदरी होतो. इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये तर एकच पट्टी असेल तर ग्राफिक्सचे नाव 'आयरिस एक्सई'ऐवजी 'यूएचडी' दिसते. टास्क मॅनेजरमध्ये दोनपैकी एकच स्लॉट वापरात असल्याचे दिसले, तर ८ जीबीच्या लॅपटॉपला आणखी ८ ची पट्टी हा चांगला सौदा आहे. मात्र डीडीआर ३, ४ आणि ५ या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते. त्यामुळे मॉडेल तपासल्याशिवाय नांदेडची गाडी धरू नये.

रॅमचा संबंधच नसतो तो केव्हा?

विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पंख्यात धूळ बसलेला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पहिली वीस मिनिटे गेम छान आणि मग ढेपाळतो, ही त्याची खूण. इथे पंख्याची सफाई आणि नवी थर्मल पेस्ट रॅमपेक्षा कितीतरी स्वस्तात काम करते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑनलाइन गेम खेळताना माणसे जागच्या जागी उड्या मारताना दिसत असतील, तर पिंग जास्त आहे. तो नेटवर्कचा दोष. गेम सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावणे हा पहिला उपाय.

मोबाइलवरील '८+८ जीबी'चे काय?

जाहिरातीतील दुसरे ८ ही खरी रॅम नसते. ती फोनच्या साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा असते, म्हणजे पुन्हा गोदामच. मागची ॲप उघडी ठेवायला तिचा थोडा उपयोग होतो, गेमचा वेग तिने वाढत नाही.

मग निर्णय काय?

आधी मोजावे, मग पैसे काढावेत. रॅम भरत असेल किंवा एकाच पट्टीवर आतले ग्राफिक्स चालत असेल, तर वाढत्या भावातही खर्च पटण्यासारखा आहे. जीपीयू कमी पडत असेल, तर गेमची सेटिंग उतरवून खेळावे आणि तेच पैसे पुढच्या ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेवावेत. जबाबदारी दुकानदाराचीही आहे. ट्रॅक्टरचा भाग बदलताना मिस्त्री आधी बिघडलेला भाग काढून दाखवतो. तसेच संगणकवाल्यानेही टास्क मॅनेजर उघडून गिऱ्हाइकाला आकडा दाखवावा. तो दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून रॅम घेऊ नये.