द्राक्षं जातात नेदरलँडला, पण खातं कोण? दुसऱ्याच्या मालावर श्रीमंत झालेल्या देशाला आता जागा पुरेना

जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी, निफाड, तासगाव भागातून द्राक्षांचे कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे निघतात, तेव्हा अनेकांच्या कागदावर एकाच देशाचं नाव असतं, ते म्हणजे नेदरलँड. २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षं बाहेर गेली, त्यांचे ३ हजार ४६० कोटी रुपये झाले आणि खरेदीदारांच्या यादीत पहिलं नाव नेदरलँडचंच होतं. यादी बघून कोणालाही वाटेल की तिथली माणसं द्राक्षांवरच जगतात की काय. पण त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या आहे १ कोटी ८० लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे मिळून १ कोटी ५५ लाख होतात, त्याहून थोडी जास्त. एवढी माणसं एवढी द्राक्षं खाणार कशी?

तर ती खात नाहीत. माल रॉटरडॅम बंदरात उतरतो, शेजारच्या गावांतल्या शीतगृहांत जातो, तिथे खोकी उघडून तपासली जातात, काही माल नव्याने पॅक होतो, आणि मग ट्रकने जर्मनी, पोलंड, स्वीडनकडे रवाना होतो. कागदावर मात्र गिऱ्हाईक नेदरलँडच राहतं. अर्थतज्ज्ञांमध्ये या घोळाला 'रॉटरडॅम इफेक्ट' असं नावच पडलंय.

हा प्रकार फक्त द्राक्षांपुरता नाही. अमेरिका आणि संयुक्त अरब अमिरातीनंतर भारताचा माल सर्वात जास्त गेला तो नेदरलँडला, २०२३-२४ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलरचा. त्यातला मोठा हिस्सा डिझेल आणि इतर तेल उत्पादनांचा आहे. भारतातल्या रिफायनरीत तयार झालेलं डिझेल रॉटरडॅमच्या टाक्यांत उतरतं आणि तिथून युरोपभर वाटलं जातं.

हे जमतं कशामुळे, तर आधी भूगोलामुळे. ऱ्हाईन नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी रॉटरडॅम आहे. नदीतून मोठे बार्ज थेट जर्मनीच्या कारखानदारी पट्ट्यात आणि पुढे स्वित्झर्लंडच्या बासेलपर्यंत जातात. २०२४ मध्ये या एका बंदरातून सुमारे ४३ कोटी ५० लाख टन माल हलला. युरोपात एवढं मोठं बंदर दुसरं नाही. देशाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढं, त्यातही बरीचशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली, बांध घालून आणि पाणी उपसून राखलेली. तरीही शेतमालाच्या निर्यातीत वर्षानुवर्षं अमेरिकेच्या खालोखाल याच देशाचं नाव घेतलं जातं. २०२४ मध्ये ही निर्यात सुमारे १२९ अब्ज युरोवर गेली. त्यातला चौथा हिस्सा एकटी जर्मनी घेते.

पण या १२९ अब्जांच्या आत डोकावलं पाहिजे. साधारण एक तृतीयांश माल नेदरलँडच्या मातीत पिकलेलाच नसतो. आफ्रिकेतला कोको, पेरूचे ॲव्होकाडो, दक्षिण अमेरिकेतली केळी आणि आपल्याकडची द्राक्षं, असं सगळं आत येतं आणि बाहेर जातं. आणि यात वाटतं तेवढं पाणी नाही. स्वतःच्या देशात तयार झालेला १ युरोचा माल विकला तर त्यातले निम्म्याहून जास्त सेंट देशात राहतात. दुसऱ्याचा माल पुढे ढकलला तर १ युरोमागे १० ते १५ सेंटच हाती लागतात. बाकी सगळं माल पिकवणाऱ्याच्या, जहाजवाल्याच्या आणि मधल्या इतरांच्या खात्यात जातं. म्हणजे मधल्या माणसाचा धंदा मोठा दिसतो खरा, पण तो चालतो प्रचंड उलाढालीवर. कंटेनर थांबले की कमाई थांबली.

म्हणून कंटेनर न थांबणं ही त्या देशाची खरी जिद्द आहे. कस्टम, प्रयोगशाळा, शीतगृह, बँक आणि वाहतूक या सगळ्या गोष्टी बंदराभोवती एकमेकांना चिकटून बसल्यात. बरं, यातल्या कितीतरी संस्था शेतकऱ्यांनीच उभ्या केल्या. राबोबँक ही आज जगभर पसरलेली बँक गावोगावच्या शेतकरी पतसंस्थांतून तयार झाली. फ्रिसलँडकॅम्पिना ही बलाढ्य दूध कंपनी दूध घालणाऱ्या सभासदांच्या सहकारी संस्थेची आहे. आल्समेरचा फुलबाजारही उत्पादकांच्या मालकीचा.

लिलावाची पद्धत तर मुळात शेतकऱ्याचीच गरज होती. १८८७ मध्ये ब्रूक ओप लांगेडाइक नावाच्या गावात भाजीचा पहिला लिलाव झाला. आपल्या बाजार समितीत बोली खालून वर जाते. तिथे उलटं असतं. भाव वरून सुरू होतो, घड्याळाचा काटा खाली खाली सरकतो आणि जो व्यापारी आधी बटण दाबेल त्याचा माल. व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून गप्प बसायचं म्हटलं तर एखाद्याचा हात आधी पडण्याची भीती सगळ्यांनाच. पण हे चित्र आता फुलांपुरतंच उरलंय. भाजीपाल्यात सुपरमार्केटच्या साखळ्या थेट करार करतात, आणि तिथलाही शेतकरी भाव आपल्या हातात नाही म्हणून कुरकुरतो.

दारावर उभा असणाऱ्याची ताकद काय असते, हे महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी २०१० मध्ये अनुभवलं. त्या वर्षी युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला 'सीसीसी' म्हणतात त्याचे अंश सापडले. भारतात त्या वेळी ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीत ते नव्हतंच. नेदरलँड आणि जर्मनीत माल अडकला, भाव कोसळला, निर्यातदार आणि शेतकरी दोघंही बुडाले. त्यानंतर तपासणीची यादी वाढली. २००६ पासून सुरू असलेल्या ग्रेपनेटवर बागेची नोंद, फवारणीचा हिशेब आणि रेसिड्यूचा अहवाल असल्याशिवाय आज युरोपची वाट उघडत नाही. नियम जाचक आहेत, पण त्यांच्यामुळेच हा माल टिकून राहिला, हे निर्यातीचे आकडे बघितले तर मान्य करावं लागतं.

कांद्यात मात्र हाच देश सरळ प्रतिस्पर्धी आहे. नेदरलँड जगातल्या सर्वात मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी एक आहे. तिथे कांदा कोणी फारसा खात नाही, पिकलेल्यातला जवळजवळ ९० टक्के बाहेर जातो. मार्च-एप्रिलमध्ये पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढणी, आणि मग हवा खेळवलेल्या, तापमान राखलेल्या गोदामांत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत साठवण. आपल्या चाळीत उन्हाळ कांद्याला पावसाळ्यात जी गळ लागते, कोंब येतात, ती भानगड तिथे बरीच कमी. सेनेगल, आयव्हरी कोस्ट या आफ्रिकी देशांत तो पिवळा कांदा वर्षानुवर्षं जातोय, आणि आशियातही त्याला गिऱ्हाईक आहे.

८ डिसेंबर २०२३ रोजी भारताने कांदा निर्यातबंदी लावली आणि ती ४ मे २०२४ ला उठवली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण काढायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या काळात ज्या आयातदाराला दर आठवड्याला कंटेनर हवा असतो, तो वाट बघत बसत नाही. नेदरलँडचा निर्यातदार त्याला फक्त एवढंच सांगू शकतो की आमच्याकडे बंदी लागत नाही. चवीपेक्षा, रंगापेक्षा त्या एका वाक्याची किंमत बाजारात जास्त असते.

इथपर्यंत वाचून वाटेल की त्या देशाचं सगळं आलबेल आहे. तसं नाही. गेली काही वर्षं तिथला सर्वात मोठा भांडणाचा विषय चक्क शेण आहे.

एवढ्याशा देशात सुमारे ३७ लाख गाई-गुरं, १ कोटीहून जास्त डुकरं आणि १० कोटींच्या आसपास कोंबड्या आहेत. त्यांना पुरेल एवढा चारा तिथे पिकत नाही. ब्राझीलहून जहाजं भरून सोया येतं, जनावर ते खातं, दूध-मांस-चीज परदेशात जातं आणि शेण मात्र नेदरलँडमध्येच राहतं. शेण आणि मूत्र एकत्र आलं की अमोनिया वायू सुटतो. तो हवेतून जाऊन संरक्षित माळरानांवर, दलदलींवर बसतो. जमीन नको इतकी सुपीक होते, गवत आणि खाजकुयलीसारख्या झाडोऱ्याचं रान माजतं आणि मूळची वनस्पती मरते. आपल्याकडे शेणखताला ट्रॉलीमागे पैसे मोजावे लागतात, तिथे शेण उचलून न्यायला शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात.

मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजनबाबतची सवलतीची पद्धत रद्द केली. एका निकालाने सुमारे १८ हजार बांधकामांचे परवाने लटकले. घरं, रस्ते, गोठे सगळं अडलं. मार्च २०२० पासून महामार्गावर दिवसा १०० किलोमीटरची वेगमर्यादा आली, का तर गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन थोडा कमी होईल आणि घरं बांधायला वाव मिळेल. त्याआधी १ ऑक्टोबर २०१९ ला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर चालून गेले होते. २०२२ मध्ये सरकारने २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणायचं म्हटल्यावर तर रस्ते अडले, कडब्याच्या गाठी पेटल्या. त्या रागातून २०१९ मध्ये स्थापन झालेला बीबीबी हा शेतकऱ्यांचा पक्ष मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत सगळ्या १२ प्रांतांत पहिल्या क्रमांकावर आला. पुढच्या वर्षी तो सरकारात बसला, कृषिमंत्रीही त्याच पक्षाच्या झाल्या.

पण मंत्री आपला झाला म्हणून शेणाचं प्रमाण बदलत नाही. जास्त शेण शेतात टाकण्याची युरोपीय महासंघाने दिलेली खास सवलत टप्प्याटप्प्याने संपवली गेली आणि आता हेक्टरी १७० किलो नायट्रोजनची सर्वसाधारण मर्यादा लागू होते. जानेवारी २०२५ मध्ये हेगच्या न्यायालयाने सरकारला २०३० चं उद्दिष्ट पाळा, नाहीतर १ कोटी युरो दंड भरा, असं बजावलं. जून २०२५ मध्ये ते सरकारच पडलं, शेतीवरून नव्हे, निर्वासितांच्या प्रश्नावरून. दरम्यान गोठे कायमचे बंद करणाऱ्यांसाठी सुमारे १.४७ अब्ज युरोची भरपाई योजना चालू झाली होती. पिढ्यान्पिढ्या दुधाचा धंदा करणाऱ्या माणसाला सरकार सांगतंय, पैसे घे आणि थांब.

यात खरी वाटमारी जागेची आहे. त्याच देशात एएसएमएल नावाची कंपनी आहे. जगातल्या सर्वात प्रगत चिप बनवण्यासाठी लागणारी यंत्रं फक्त तीच तयार करते. तिला विस्ताराला जागा आणि वीज हवी. ती देश सोडून जाईल या धास्तीने मार्च २०२४ मध्ये सरकारने आइंडहोवन भागासाठी २.५ अब्ज युरो जाहीर केले. विजेच्या तारा तुडुंब भरल्यात, नव्या जोडणीसाठी कारखाने रांगेत उभे आहेत. घरांची टंचाई वेगळीच. एक एकर जमीन, एक किलो नायट्रोजन, एक युनिट वीज कोणाला द्यायची, गाईला, घराला की कारखान्याला, हा हिशेब तिथे रोज मांडला जातोय. त्यात गाय मागे पडतेय, हे उघड आहे.

पूर्वी अशा वेळी हाताशी गॅस होता. १९५९ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतात युरोपातलं सर्वात मोठं गॅस क्षेत्र सापडलं. त्या पैशाने चलन महागलं आणि इतर कारखानदारी मार खाऊ लागली, त्यावरून 'डच डिसीज' हा शब्द जगाच्या अर्थशास्त्रात गेला. पुढे उपशामुळे भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबलं. त्याआधी २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर गॅस भडकला तेव्हा काही शेतकऱ्यांनी हिवाळ्यात काचघरं रिकामी ठेवणं पसंत केलं होतं.

तिथलं स्वतःचं उत्पादन आकसलं तर बाहेरून माल आणून विकण्याकडे व्यापाऱ्यांचा कल वाढेल, असं मानायला जागा आहे. गोदामं, ट्रक, गिऱ्हाईक सगळं तयारच आहे. पण त्याचा फायदा इथल्या बांधापर्यंत येईलच असं नाही, कारण १० ते १५ सेंटवर जगणारा व्यापारी पहिली काटकसर खरेदीच्या भावात करतो. द्राक्षांचे बरेच सौदे आजही पक्क्या भावाने होत नाहीत. माल तिकडे विकला गेल्यावर, कमिशन, गोदामभाडं आणि घट वजा करून हिशेब येतो. २०२४ च्या हंगामात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. तो उशीर मण्यांवर दिसला आणि शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीवर उतरला.

आणि त्याच महिन्यांत त्याच गोदामांत दक्षिण आफ्रिका, पेरू आणि चिलीची द्राक्षंही येऊन पडतात. कुठलं खोकं आधी पुढे पाठवायचं, हे रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेख्तमधला खरेदीदार मणी दाबून, देठाचा हिरवेपणा बघून आणि अहवालातले आकडे वाचून ठरवतो.