बेताचे शहर

इंग्लंड म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. थेम्स नदी, राजवाडा, पार्लमेंटचा घड्याळाचा मनोरा आणि जमिनीखालून धावणाऱ्या आगगाड्या एवढ्यातच सारे इंग्लंड सामावले आहे, अशी समजूत होऊन बसते. परंतु नुसती मुंबई पाहून ज्याप्रमाणे महाराष्ट्र कळत नाही, त्याप्रमाणे नुसते लंडन पाहून इंग्लंड कळत नाही. तेथील सामान्य माणसाचा रोजचा संसार कसा चालतो हे जाणून घ्यावयाचे असेल, तर अवाढव्य नाही आणि अगदी चिमुकलेही नाही, अशा एखाद्या बेताच्या शहराकडे वळले पाहिजे. लेस्टर हे असे एक शहर आहे.

इंग्रजीत या शहराचे नाव लिहिण्यास नऊ अक्षरे लागतात. उच्चार मात्र ‘लेस्टर’ एवढाच! नवख्या माणसाची पहिली फजिती होते ती या नावापाशीच. लंडनच्या वायव्येस सुमारे १६० किलोमीटरवर, सोअर नदीच्या काठी हे शहर वसले आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजार भरली. महाराष्ट्रातील कोल्हापूर शहराची वस्ती २०११ सालीच साडेपाच लाखांच्या घरात होती, यावरून लेस्टरच्या आकाराची कल्पना येईल. वयाने मात्र ते फार वडील आहे. रोमन लोकांनी तेथे नगर वसवले, त्याला आता दोन हजार वर्षे होत आली. त्यांच्या स्नानगृहाची एक भिंत अजून उभी आहे. २०१२ साली तर मोटारी उभ्या करण्याच्या एका सरकारी आवाराखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. हा राजा १४८५ साली रणांगणावर पडला होता. ज्या जागी रोज मोटारी येऊन थांबत, त्याच जागी पाच शतके एक राजा चिरनिद्रा घेत होता! २०१५ साली शहरातील मोठ्या चर्चमध्ये त्याचे सन्मानाने दफन झाले.

राहावयास मोठे शहर चांगले की लहान, हा वाद जुनाच आहे. महानगरात संधी पुष्कळ, परंतु माणूस गर्दीत हरवतो. खेड्यात सारे ओळखीचे, परंतु शिक्षणाला व उद्योगाला वाव थोडा. म्हणून बेताचे शहर उत्तम, असे अनेकांचे मत आहे. लेस्टरकडे पाहिले म्हणजे या मतात तथ्य आहे असे दिसते. मात्र ते पुरे सत्य नव्हे. शहर केवळ आकाराने राहण्याजोगे होत नाही. ते तसे करावे लागते. लेस्टरची हकीकत ऐकण्यासारखी आहे ती यासाठीच.

बेताच्या शहराचे पहिले सुख असे की, ते माणसाच्या पायांना झेपते. लेस्टरच्या मध्यभागापासून निघावे आणि ‘न्यू वॉक’ नावाच्या वाटेला लागावे. नावाने नवी असली तरी ही वाट १७८५ साली आखलेली आहे आणि ती केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही बाजूंस मोठाले वृक्ष, त्यांच्यामागे जुनी घरे आणि मध्ये गाडीघोड्याच्या भीतीवाचून चालणारी मुले, म्हातारी माणसे व विद्यार्थी, असे दृश्य तेथे नित्य दिसते. वाटेतच १८४९ साली उघडलेले वस्तुसंग्रहालय लागते. आत जाण्यास पैसे पडत नाहीत. पुढे विस्तीर्ण बाग लागते आणि बागेशेजारी विद्यापीठ. पहिल्या महायुद्धात प्राणांस मुकलेल्यांचे स्मारक म्हणून १९२१ साली या विद्यापीठाचा पाया घातला गेला. मृतांसाठी दगडाचा खांब उभारण्याऐवजी जिवंतांसाठी विद्यालय उभारावे, ही कल्पना किती उदात्त! याच विद्यापीठात १९८४ साली अलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाने डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची पद्धत शोधून काढली. बाजार, संग्रहालय, बाग आणि विद्यापीठ, सारे एका फेरफटक्यात पाहून होते. जे शहर पायी फिरता येते, ते लवकर ओळखीचे होते.

तथापि, दुरून डोंगर साजरे, ही म्हण येथेही खरी ठरते. उष्ण देशातून आलेल्या माणसाला या शहराचा पहिला हिवाळा फार जड जातो. डिसेंबरात सूर्य सकाळी आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारचे चार वाजण्यापूर्वीच मावळतो. मुले शाळेतून घरी येतात, तो रस्त्यावर दिवे लागलेले असतात. आकाश दिवसचे दिवस करडे असते. जूनमध्ये मात्र निसर्ग सारी भरपाई करतो. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी अंगणात उजेड असतो आणि मुलांना झोपी लावताना आईच्या नाकी नऊ येतात.

घरेही निराळीच. लाल विटांची, एकमेकांना खेटून ओळीने उभी असलेली, समोर हातभर जागा आणि मागे छोटीशी बाग. भिंतीला भिंत लागलेली, तरी शेजाऱ्याचे दार बहुधा बंद. या घरांना ओटा नसतो आणि म्हणून ओट्यावरच्या गप्पाही नसतात. आगाऊ कळवल्यावाचून कोणी कोणाकडे जात नाही. थंडीच्या दिवसांत एखाद्या वृद्धाला सबंध दिवसात बोलावयास कोणी भेटू नये, असेही घडते. हे उणे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

परंतु बंद दारावरून माणसाचे मन बंद आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तेथील सौजन्य घराच्या आत नव्हे, तर बाहेर रस्त्यावर भेटते. बसच्या थांब्यावर दोनच माणसे असली तरी त्यांची रांग होते. बसमधून उतरताना चालकाचे आभार मानण्याची तेथे रीत आहे. दुकानदारीण अनोळखी गिऱ्हाईकालाही ‘मी डक’ म्हणून हाक मारते. शब्दशः अर्थ घेतला तर ‘माझ्या बदका’! नवखा माणूस प्रथम दचकतो. इंग्लंडच्या त्या भागातील ही मायेची हाक आहे, आपल्याकडे एखादी आजी परक्या मुलालाही ‘बाळा’ म्हणते तशी, हे कळल्यावर त्याला हसू येते आणि थोडे बरेही वाटते.

शहरात राहण्याचे खरे सुख मात्र आणखी एका गोष्टीत आहे. ज्या वस्तू एकट्याला परवडत नाहीत, त्या सर्वांनी मिळून राखल्या की त्या प्रत्येकाच्या होतात. लेस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तके नेण्यास वर्गणी लागत नाही आणि तेथे इंग्रजीबरोबर गुजराती पुस्तकेही मिळतात. आजारी माणसाला डॉक्टरकडे जाताना खिसा चाचपावा लागत नाही. १९४८ साली सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्यसेवा सर्वांच्या करांतून चालते. तिच्यासाठी कधी कधी फार वाट पाहावी लागते हे खरे, परंतु ती वाट श्रीमंताच्या नोकराला आणि श्रीमंताच्या शेजाऱ्याला सारखीच पाहावी लागते. ज्यांना घरामागची बाग अपुरी पडते, त्यांना नगरपरिषद थोड्या भाड्याने भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा देते. या तुकड्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. तेथे एका वाफ्यात इंग्रज आजोबांचे बटाटे आणि शेजारच्या वाफ्यात गुजराती आजीबाईंची मेथी डोलताना दिसते. भाषा न कळणारी दोन माणसे गोगलगायींच्या उपद्रवावर मात्र सहज एकमत होतात. ओट्याने जे साधायचे, ते तेथे वाफ्याने साधते.

इंग्लंडच्या मध्यावर गुजराती आजीबाई आल्या कोठून, असा प्रश्न येथे साहजिकच पडेल. त्याचे उत्तर या शहराच्या इतिहासातील एका कसोटीच्या प्रसंगात आहे.

आफ्रिकेतील युगांडा या देशात भारतीय वंशाचे हजारो लोक पिढ्यान्पिढ्या राहत होते. त्यांत गुजराती पुष्कळ होते. १९७२ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील हुकूमशहा इदी अमीन याने या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. घरदार, दुकान, साठवलेली पुंजी सारे मागे टाकून त्यांना निघावे लागले. त्यांपैकी सुमारे २७ हजार ब्रिटनमध्ये आले. लेस्टरमध्ये तत्पूर्वीच काही भारतीय कुटुंबे स्थायिक झालेली होती. तेव्हा त्यांच्या आधाराने आणखी लोक येणार हे उघड होते. त्या वेळी लेस्टरच्या नगरपरिषदेने काय केले? तिने युगांडातील एका वृत्तपत्रात जाहिरात दिली. शहरातील घरे, शाळा आणि दवाखाने अपुरे पडत आहेत, तरी आपण लेस्टरला येऊ नये, असा तिचा आशय होता.

नगरपरिषदेची अडचण अगदीच खोटी नव्हती. घरांची टंचाई खरीच होती. परंतु ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले आहे, त्याला आपल्या घरातील अडचण सांगून दाराला कडी घालणे, हा माणुसकीचा मार्ग नव्हे. गंमत अशी की, या जाहिरातीमुळेच आपल्याला लेस्टरचे नाव कळले, असे पुढे कित्येकांनी सांगितले. येऊ नका म्हटल्यावरही हजारो लोक आले.

आलेल्यांनी हात जोडून बसणे पत्करले नाही. मोजे व विणलेले कपडे तयार करणे हा लेस्टरचा जुना धंदा. तेथील गिरण्यांत त्यांनी काम धरले. कोणी बंद पडलेली दुकाने भाड्याने घेतली. सारे काही गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. १९७४ साली एका टंकलेखन यंत्रांच्या कारखान्यात आशियाई कामगारांना संप करावा लागला. गोऱ्या कामगारांसारखीच न्यायाची वागणूक मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. मान हा कोणी ताटात वाढून देत नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

हळूहळू शहराचा चेहरा बदलला. बेलग्रेव्ह रोड या ओस पडू लागलेल्या रस्त्यावर साड्यांची, दागिन्यांची आणि मिठाईची दुकाने थाटली गेली. १९८३ साली तेथे दिवाळीच्या रोषणाईला आरंभ झाला आणि तो सोहळा पाहण्यास पुढे इंग्रज कुटुंबेही मुलाबाळांसह येऊ लागली. पंजाबातून आलेल्या मंजुळा सूद या तेथे शिक्षिका झाल्या, नगरपरिषदेवर निवडून आल्या आणि २००८ साली लेस्टरच्या लॉर्ड मेयर झाल्या. ब्रिटनमध्ये हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री होत. ज्या नगरपरिषदेने एके काळी आशियाई लोकांना येऊ नका म्हटले, तिच्याच सभागृहात एक आशियाई स्त्री प्रथम नागरिक म्हणून विराजमान झाली. २०२१ च्या जनगणनेत शहरातील ४३.४ टक्के लोकांनी आपण आशियाई वंशाचे असल्याचे नोंदवले. गोऱ्या लोकांचे प्रमाण ४०.९ टक्के होते. म्हणजे आज या शहरात कोणत्याही एका समूहाचे बहुमत नाही. तेथे प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा शेजारी आहे आणि अल्पसंख्यही आहे.

यावर कोणी म्हणेल, मग आता सारे सुरळीत झाले. तसे समजणे चुकीचे ठरेल. २०२२ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत याच शहरात हिंदू आणि मुसलमान तरुणांत तंटे झाले. क्रिकेटच्या एका सामन्यानंतर वातावरण तापले, खोट्या अफवांनी त्यात तेल ओतले आणि अनेक वर्षे एकमेकांच्या आधाराने राहिलेली कुटुंबे भीतीने दारे लावून बसली. त्या वेळी दोन्ही समाजांतील वडीलधारी मंडळी एका मशिदीच्या पायऱ्यांवर एकत्र उभी राहिली. त्यांनी शांततेचे आवाहन जाहीरपणे वाचून दाखवले. एवढ्याने सर्व मने जुळली असे नव्हे. परंतु जुळवण्याच्या कामास कोणी तरी आरंभ करावाच लागतो. शेजारधर्म हा वाड्याच्या भिंतीसारखा एकदा बांधून संपत नाही. तो अंगणासारखा रोज झाडावा लागतो.

लेस्टरच्या या हकीकतीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बेताचे शहर माणसाला सोयीचे असते, कारण तेथे माणसे एकमेकांच्या दृष्टीस वारंवार पडतात. आज बाजारात दिसलेला चेहरा उद्या ग्रंथालयात दिसतो, परवा शाळेच्या फाटकाशी भेटतो. ही आकाराची देणगी आहे. परंतु त्या दिसलेल्या चेहऱ्याला ओळख द्यावयाची की पाठ फिरवावयाची, हे आकार ठरवीत नाही. ते माणसे ठरवतात. याच शहराने १९७२ साली पाठ फिरवून पाहिली आणि पुढील पन्नास वर्षांत ओळख देऊनही पाहिली. पाठ फिरवल्याने त्याची एकही अडचण दूर झाली नाही. ओळख दिल्याने मात्र ओस पडणारे रस्ते पुन्हा गजबजले.

एखाद्या शहरात किती उंच इमारती आहेत, किती मोटारी धावतात, यावरून त्याचा मोठेपणा मोजण्याची सवय जगाला जडली आहे. त्याहून चांगले माप असे आहे: काल आलेल्या माणसाला ‘हे माझे गाव’ असे म्हणावयास तेथे किती दिवस लागतात, आणि त्याने तसे म्हटल्यावर जुन्या रहिवाशाच्या कपाळावर आठी पडते की ओठांवर हसू येते. प्रत्येक गावाने, मग ते सोअरच्या काठचे असो वा पंचगंगेच्या, या मापाने स्वतःला अधूनमधून मोजून पाहावे.