कार्यप्रणालीचे स्थलांतर आणि संहितेचा प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमला, मिळणारे नेहमीचे सुरक्षाविषयक साहाय्य थांबवले. तिच्यानंतरची ‘विंडोज ११’ संगणकात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर असावा अशी अट घालते. त्यामुळे सुस्थितीतील अनेक घरगुती संगणक तिला अपात्र ठरतात. नवा संगणक घ्यावा, की आहे त्याच संगणकावर ‘लिनक्स’सारखी मुक्त प्रणाली बसवावी, असा प्रश्न मग साहित्याच्या अभ्यासकापुढेही उभा राहतो. हा प्रश्न सामान्यतः खर्चाचा आणि सोयीचा मानला जातो. वस्तुतः भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तो संहितेचा प्रश्न आहे.

एखाद्या मराठी प्राध्यापकाने १९९० ते २००५ या काळात घरच्या संगणकावर लिहिलेली टिपणे, अनुवाद वा प्रबंध नव्या प्रणालीत उघडले, तर पडद्यावर बहुधा रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन मालिका दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो मुळात मराठी म्हणून साठवलेलाच नसतो. त्या काळी रूढ असलेल्या अनेक फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे काने, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे बसवली होती, आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी होती. टंकलेखन यंत्राच्या धर्तीवर ‘विचार’ या शब्दातील वेलांटी ‘व’च्या आधी नोंदली जाई, कारण डोळ्याला ती आधी दिसते. संगणकाजवळ भाषा नव्हती. भाषेचे केवळ चित्र होते. फॉन्टची फाइल सोबत नेली तर ते चित्र बहुधा पुन्हा उमटते. परंतु त्यात सरळ मराठी शब्द शोधता येत नाही, की अकारविल्हे सूची करता येत नाही. ही उणीव जुन्या प्रणालीतही होतीच. स्थलांतराने ती केवळ उघडी पडते.

याला पर्याय नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. ‘इस्की’ ही भारतीय संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली होती. दोहोंतही उच्चाराचा क्रम प्रमाण मानला आहे : आधी ‘व’, मग इकार. तरीही छापखान्याच्या सोयीसाठी जुने फॉन्ट दीर्घकाळ चालू राहिले. हस्तलिखितातील एका मात्रेच्या पाठभेदावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या अभ्यासकांनी आपली स्वतःची संहिता कशी साठवली जाते, हे क्वचितच विचारले. दोष तंत्रज्ञांचा आहे, तसा तो त्यांचाही आहे.

युनिकोड निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. बंगालीच्या खंड-तला स्वतंत्र स्थान २००५ मध्ये मिळाले. मल्याळममधील चिल्लू अक्षरांना आणि मराठीच्या ‘ॲ’ला ते २००८ मध्ये, एकाच आवृत्तीत मिळाले. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अर्थभेद ज्या अर्ध्या रकारावर उभा आहे, तो नोंदण्याच्या दोन पद्धती आजही आढळतात. परिणामी डोळ्याला सारखाच दिसणारा शब्द शोधातून निसटू शकतो. असे प्रश्न भाषेच्या जाणकारांनी हाती घेतल्यावाचून सुटणारे नाहीत.

मुक्त प्रणालीच्या काही पुरस्कर्त्यांचा आवेशही येथे तपासून घ्यावयास हवा. लिनक्स स्वीकारल्याने लेखन आपोआप मुक्त होत नाही. जुन्या फॉन्टमधील प्रबंध तेथेही कुलूपबंदच राहतो, आणि उलट युनिकोडमधील लेखन विंडोजवरही तितकेच सुरक्षित असते. इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे मिळतो. तेव्हा प्रणाली कोणतीही असो, संहितेला घर बदलता आले पाहिजे, ही खरी कसोटी होय.

म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी जुने लेखन युनिकोडमध्ये आणावे, जोडाक्षरांत होणारे रूपांतराचे दोष छापील प्रतीशी ताडून दुरुस्त करावेत आणि मूळ फाइल व तिचा फॉन्ट हेही जपून ठेवावेत. हे काम एकट्या निवृत्त अध्यापकावर सोडणे योग्य नाही. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी ते संपादनकार्य म्हणून स्वीकारावे. मोडी कागद आज थोड्यांनाच वाचता येतो, परंतु ती लिपी शिकता येते. एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या फॉन्टची मांडणी मात्र कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. ती ज्यांच्या हाताला अजून ठाऊक आहे, अशी माणसे आपल्यात आहेत, तोवरच हे काम झाले पाहिजे.