तीस वर्षांचं गिफ्ट

मावसभावाला आठव्या वाढदिवसाला कुणीतरी कासव दिलं. डोळ्यामागे लाल पट्टा आणि आकार पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासाच मोठा. सोबत प्लॅस्टिकचा डबा, त्यात प्लॅस्टिकचंच नारळाचं झाड. 'एवढंच राहतं,' असं दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे. चक्क थाप! मूळचं अमेरिकेतलं हे रेड-इअर्ड स्लायडर फूटभर वाढू शकतं आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे भाऊ नोकरीला लागेल, त्याचं लग्न होईल, तरी कासव आपलं घरात.

दोन वर्षांत डबा पुरेना, पाण्याचा वास येऊ लागला. मावशी म्हणाली, "तळ्यात सोडून ये, तेवढंच पुण्य." आपल्याकडे बहुतेक घरांत हा विषय इथेच संपतो. पण हे कासव जगातल्या सर्वांत घातक १०० उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. तळ्यात गेलं की ते आपल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं. कसलं आलंय पुण्य!

मुलांना 'प्राण्यांवर प्रेम करा' एवढंच शिकवून भागत नाही. कासवाला ऊन किंवा यूव्हीबी दिवा लागतो, नाहीतर कवच मऊ पडतं. अंग शेकायला कोरडी जागा लागते, पाण्याला फिल्टर लागतो. हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण साल्मोनेला. लहान मुलं आजारी पडायला लागली म्हणून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं स्टार कासव? ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, घरात पाळणं गुन्हा. वास्तूसाठी आणलं म्हणून सूट मिळत नाही.

एवढं ऐकून मूल 'मग नको' म्हणालं, तर माझ्या मते शिकवणी फुकट गेली नाही. आईबाबांना वेळ नसेल तर ती आपण, म्हणजे घरातल्या ताई-दादांनी घ्यावी. गूगल आपल्याच हातात असतं ना दिवसभर!

आमचं कासव तळ्यात गेलं नाही. मोठी टाकी आली, दर रविवारी भाऊ पाणी बदलतो. (दोनदा बुडी मारली, खोटं कशाला बोलू?) परवा त्याने विचारलं, "ताई, मी हॉस्टेलला गेलो की याचं कोण करणार?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं.