वाडा सावरला, आता उंबरा पाहा

जुने वाडे पुन्हा राहते होऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. सासवडजवळील जाधवगड ही पिलाजी जाधवराव यांची अठराव्या शतकातील गढी आज हॉटेल म्हणून पाहुण्यांचे स्वागत करते. धारूरसारख्या गावांतही नोकरीनिमित्त शहरात गेलेली मुले वडिलोपार्जित माळवदाचे घर दुरुस्त करून सुटीत आईवडिलांसह मुक्कामास येतात. जाड भिंतींमुळे वैशाखातही आत गारवा असतो आणि ओळखीच्या ओसरीवर वृद्धांचे मन रमते. मात्र दुरुस्तीत कोरीव खांबांना जेवढे महत्त्व मिळते, तेवढे वृद्धांच्या पावलांना मिळत नाही.

दक्षिण इटलीतील मातेरा येथे डोंगरात कोरलेल्या घरांत माणसे व जनावरे एकत्र राहत. नळ नव्हते, सांडपाण्याचा निचरा नव्हता. हिवतापाने लोक जेरीस आले होते. 1952 च्या कायद्यानंतर तेथील सुमारे 15,000 रहिवाशांना टप्प्याटप्प्याने बाहेर हलविण्यात आले. 1993 मध्ये ही वस्ती जागतिक वारसा ठरली आणि आज त्याच घरांत पर्यटक हौसेने उतरतात. दगड तेच आहेत. पाणी, निचरा आणि वायुवीजन यांची सोय झाल्याने ती घरे राहण्याजोगी झाली.

आपल्याकडे प्रथम छत पाहावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. माळवद गळते म्हणून दरवर्षी वर माती टाकत गेल्यास भार वाढतच जातो. त्याखाली खाट टाकण्यापूर्वी जाणकार अभियंत्याकडून तुळया व भिंती तपासून घ्याव्यात.

त्यानंतर पडण्याचा धोका. उतारवयात हाडे ठिसूळ होतात. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, दीर्घकाळ अंथरूण, न्यूमोनिया, शय्याव्रण अशी संकटांची मालिका सुरू होऊ शकते. उंच उंबऱ्याच्या कडेला पांढरा किंवा पिवळा पट्टा ओढावा. उन्हाच्या चौकातून अंधाऱ्या माजघरात शिरताना वृद्धांच्या डोळ्यांना सरावण्यास वेळ लागतो. म्हणून तेथे दिवसाही दिवा असावा आणि आत शिरताना क्षणभर थांबावे. वरच्या मजल्याचा अरुंद जिना त्यांच्यासाठी नाहीच, असे मानून त्यांची खाट खालीच ठेवावी. खाटेची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील.

परसातला संडास हे जुन्या घरातील सर्वांत अवघड ठिकाण. रात्री तेथवर जाणे टळावे यासाठी खोलीलगत कमोड, भिंतीला पक्की दांडी आणि वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. रक्तदाबाची किंवा लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनी उठताना आधी काठावर एक-दोन मिनिटे बसावे, मगच उभे राहावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला बदललेल्या जागी रात्री दिशाभ्रम होतो. तिच्याजवळ कोणीतरी झोपावे.

बंद घर उघडल्यावर धूळ व बुरशीने दम्याचा त्रास बळावतो. वृद्धांना आणण्याच्या काही दिवस आधी घर झाडून, दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी. दगडी भिंतींच्या फटी बुजवाव्यात. विंचू तेथेच आश्रय घेतात. अंथरूण व चपला झटकूनच वापराव्यात. विंचवाच्या दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे गंभीर असतात. लक्षणांची वाट पाहू नये. मंत्र-तंत्रात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

निघताना मुक्कामापेक्षा आठवडाभर अधिक पुरतील एवढी औषधे आणि औषधांची चिठ्ठी सोबत घ्यावी. जवळच्या रुग्णालयाचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक, 108, मोठ्या अक्षरांत दाराजवळ लावावा. पाहुणे येण्यापूर्वी घरातील कर्त्या व्यक्तीने एकदा रात्री खाटेपासून संडासापर्यंत स्वतः चालून पाहावे. जेथे आपला पाय अडखळेल, तेथे आईवडिलांचा पाय हमखास अडखळेल. दुरुस्तीचे पुढचे काम तेथूनच सुरू करावे.